दार, दरवाजा आणि देवडी

पंढरपूरला विठोबाच्या देवळाचे पूर्वेकडचे मुख्य दार म्हणजे 'महाद्वार'. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाचे पश्चिमेचे दार तेही महाद्वारच. त्याच्या नावाचा महाद्वार रोड दिवाळीच्या खरेदीला गर्दीने फुललेला असतो. रायगडावर मात्र 'महादरवाजा' आहे. गडावर जाऊन आलेला माणूस "महाद्वारातून वर गेलो" असे चुकूनही म्हणणार नाही, आणि विठोबाच्या 'महादरवाज्यात' उभे राहिल्याचे कुणी सांगितले तर ऐकणाऱ्याला काहीतरी खटकेल. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. तरी देवाकडे जाताना मराठी माणूस संस्कृत बोलतो, राजाकडे जाताना फारसी, आणि दोन्हीकडून थकून घरी आला की 'दार' उघडायला सांगतो.

ही वाटणी कुणी ठरवून केलेली नाही. उलट ती मोडायचा प्रयत्न झाला होता. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातले फारसी शब्द काढून त्या जागी संस्कृत शब्द बसवावेत म्हणून 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला. अष्टप्रधानांची नावे त्या धोरणाने बदलली, पेशव्याचा पंतप्रधान झाला, सुरनिसाचा सचिव झाला. पण राजधानीच्या गडाचा दरवाजा लोकांच्या तोंडी दरवाजाच राहिला. आणि गंमत अशी की ज्या शब्दाला परका समजावे, तो दाराचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ निघतो.

संस्कृतातला 'द्वार्' किंवा 'द्वार', फारसीतला 'दर', इंग्रजीतला 'डोअर', जर्मनमधला 'ट्यूर', रशियनमधला 'द्वेर', ग्रीकमधला 'थुरा' ही सारी एकाच मुळाची पोरे. भाषाशास्त्रज्ञ या कुळाला भारोपीय म्हणतात. काही हजार वर्षांपूर्वी एका भाषेतून फुटलेल्या या शाखा आयर्लंडपासून बंगालपर्यंत पसरल्या. घर बदलले, बांधकामाचे सामान बदलले, देव बदलले, पण आत शिरण्याच्या जागेचे नाव बहुतेकांनी सोबत नेले. लॅटिनमध्ये याच मुळापासून 'फोरेस' म्हणजे दार आणि 'फोरास' म्हणजे दाराबाहेर असे शब्द झाले. त्यातल्या दुसऱ्यापासून पुढे 'फॉरेन' हा शब्द आला. म्हणजे मुलगा फॉरेनला गेला असे आईवडील अभिमानाने सांगतात, तेव्हा मुळात ते तो दाराबाहेर गेला एवढेच सांगत असतात!

या कुळात संस्कृतचा शब्द मात्र एका बाबतीत जरा वेडावाकडा आहे. ध्वनिबदलाच्या नियमांप्रमाणे तो 'ध्वार' असायला हवा होता. ग्रीक शब्दातला 'थ' त्याच जुन्या महाप्राण व्यंजनाची खूण आहे. संस्कृतात 'ध'चा 'द' का झाला? अभ्यासकांनी दिलेले उत्तर पटण्यासारखे आहे. हा शब्द बोलणाऱ्यांच्या कानात शेजारचा 'द्व', म्हणजे दोन, घुमत होता. कारण दाराला दोन झडपा असत. लॅटिनमधले 'फोरेस' अनेकवचनी आहे, लिथुआनियन भाषेतले 'दुरिस' अनेकवचनी आहे, आणि वेदांतही दारे पुष्कळदा द्विवचनात किंवा अनेकवचनात येतात. तेव्हा एकाच फळीचे दार हा नंतरचा प्रकार असावा. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्या डोळ्यांसमोर दोन बाजूंना उघडणारी जोडझडप होती.

'द्वार'चे मराठीत 'दार' झाले. गुजरातीत मात्र 'बार' आणि त्यावरून 'बारणुं' झाले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण त्याच्याही घरात असेच घडलेले आहे. संस्कृत 'द्व'मधून मराठीत 'दोन' आला आणि त्याच 'द्व'मधून 'बारा' आला. एका ठिकाणी 'व' गळाला, दुसऱ्या ठिकाणी 'व'ने 'द'ला बाहेर काढून स्वतः 'ब'चे रूप घेतले. गिरगावातल्या चाळीत समोरासमोर राहणारी मराठी आणि गुजराती कुटुंबे एकाच पद्धतीची दारे दोन नावांनी लोटत आली, ती या एका जोडाक्षरापायी.

ईशान्येकडे हाच शब्द भूगोल होऊन बसला आहे. उत्तर बंगाल आणि आसामच्या सपाटीवरून भूतानच्या डोंगरात शिरायच्या वाटा पूर्वापार 'दुआर' म्हणून ओळखल्या जातात. असे १८ दुआर मोजले जात, ११ बंगालच्या बाजूला आणि ७ आसामच्या. इंग्रजांनी त्या सगळ्या पट्ट्यालाच 'डुआर्स' म्हटले. अलीपूरदुआर हे गावाचे नाव त्यातलेच, आणि चहाच्या पुड्यावर डुआर्स छापलेले असते तेही हेच दार. द्वारका आणि हरिद्वार तर वेगळे सांगायलाच नकोत.

आता इराणकडे वळू. इ. स. पू. ५२०च्या सुमारास दारियस राजाने बेहिस्तून इथल्या कड्यावर आपल्या विजयांचा मोठा लेख कोरवला. त्यात फ्रवर्तिश नावाच्या बंडखोराची हकिगत आहे. त्याला पकडून, नाक-कान कापून राजाच्या दाराशी बांधून ठेवले आणि सगळ्या लोकांनी त्याला पाहिले, असे राजा स्वतः सांगतो. लेखातला शब्द आहे 'दुवर'. अर्धा संस्कृत वाटावा असा. मराठीत एखाद्याची लक्तरे 'वेशीवर टांगतात', त्यामागची कल्पना आणि दारियसची कृती यांत फार अंतर नाही. शिक्षा द्यायची ती आतल्या तळघरात नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर.

दुवराचे पुढे 'दर' झाले, आणि या 'दर'ने मराठीत भलतीच मोठी वस्ती केली. दारावर उभा राहतो तो दरवान. ज्या उंबरठ्याशी लोक नवस बोलायला जातात ती दर्गा; मूळ शब्द 'दरगाह', म्हणजे दाराची जागा. दरबारातही पहिला तुकडा हाच आहे. राजाला भेटायचे म्हणजे त्याच्या दारापर्यंत पोचायचे आणि आत सोडले जायचे. तिथेच थांबवले तर भेट नाही. त्यामुळे जगात अनेक ठिकाणी सत्तेला दाराचेच नाव पडले. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सरकारला युरोपातले वकील 'उंच दार' याच नावाने संबोधत, कारण तुर्की नाव 'बाब-ए-आली' होते. जपानच्या सम्राटाला 'मिकाडो' म्हणत, त्याचाही अर्थ 'आदरणीय दार'.

'बाब' हा अरबी शब्दही मराठीत राबतो आहे, पण तो दारात उभा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाब-एल-मांदेब आहे, म्हणजे अश्रूंचे दार. जहाजे तिथे बुडत. अरबी आणि फारसी ग्रंथांत प्रकरणालाही बाब म्हणतात, कारण विषयात शिरायचे ते एकेक दार. ग्रंथातून तो हिशेबाच्या वह्यांत गेला आणि वसुलाच्या कलमाला बाब म्हणू लागले. मराठ्यांच्या चौथाईतला छत्रपतींचा चौथा हिस्सा 'राजबाबती' होता, तो यातूनच. आज वर्तमानपत्रात 'ही बाब गंभीर आहे' असे वाक्य येते तेव्हा त्यातून तो अरबी दरवाजा पूर्णपणे पुसला गेलेला असतो.

हे झाले मोठ्यांचे. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही फ्लॅटचे साधे दार घ्या आणि त्याचे भाग सुटे करा. दार संस्कृतातून प्राकृतात झिजून आलेले. चौकट तशीच, चार लाकडांची म्हणून. ती ज्यावर फिरते ती बिजागरी पोर्तुगीज. मूळ शब्द 'बिसाग्रा'. चावी पोर्तुगीज 'शावे'मधून आली. कुलूप अरबी 'कुफ्ल'मधून, आणि येताना त्यातल्या 'फ'-'ल'ने जागा बदलून 'लूप' केले. वरचा लॅच इंग्रजांकडचा, आणि त्याबाहेर जाळीचे 'सेफ्टी डोअर' बसवले की दारालाच एक इंग्रजी दार आले. शब्दांची एवढी सरमिसळ घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूत क्वचितच सापडेल. स्वयंपाकघरातल्या पोळपाटाने आपले नाव टिकवले. दाराला मात्र आलेल्या प्रत्येकाने काहीतरी लावून दिले.

बिजागरीचे नाव बाहेरचे आहे, कारण जुन्या वाड्यांची आणि गडांची दारे बिजागरीवर फिरतच नसत. झडपेच्या कडेचे वरचे आणि खालचे टोक गोल तासून काढत. खालचे टोक उंबऱ्यालगत दगडात कोरलेल्या खळगीत, वरचे चौकटीच्या वरच्या दगडातल्या भोकात. सगळे वजन खळगीवर पडे, आणि दार उघडताना ते करकरत असे. झडपा कधीच्या जळून किंवा सडून गेल्या तरी ती खळगी राहते. शतकानुशतके लाकूड फिरून तिची कड काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. बोट फिरवले की कळते.

दार आतून बंद करायला अडसर. जाड चौकोनी तुळई भिंतीतल्या लांब पोकळीत सरकवून ठेवलेली असे. रात्री ती ओढून झडपांच्या मागे आडवी करायची आणि समोरच्या भिंतीतल्या खोबणीत घुसवायची, की बाहेरून कितीही धडका बसल्या तरी जोर लाकडावर न येता भिंतीवर येई. लहान अडसराला आगळ म्हणत; संस्कृत 'अर्गला'. आज मराठीत अडसर उरला आहे तो विकासाच्या, रस्तारुंदीकरणाच्या आणि युतीच्या मार्गात. राखणीसाठी केलेल्या वस्तूला अडथळा म्हणू लागलो, यावरून दार कोणत्या बाजूने पाहायची सवय लागली आहे ते दिसते.

उंबऱ्याची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याचे नाव झाडाचे आहे. उंबर म्हणजे औदुंबर, आणि संस्कृतात 'उदुंबर' हा शब्द झाडासाठी जसा येतो तसा दाराच्या खालच्या आडव्या पट्टीसाठीही येतो. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त तो या अर्थाने आहे, आणि मंदिरांची बांधणी शिकवणारे आजही गाभाऱ्याच्या दगडी उंबऱ्याला उदुंबरच म्हणतात. लाकूड गेले, दगड आला, पुढे फरशी आली. नाव झाडाचेच राहिले.

संस्कृतात उंबऱ्याला दुसरा शब्द 'देहली'. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही, म्हणून एका शब्दाने दोन्ही बाजूंचे काम भागते तेव्हा व्याकरणकार त्याला 'देहलीदीपन्याय' म्हणतात. या देहलीची हिंदीत 'ड्योढी' झाली आणि मराठीत 'देवडी'. वाटेत अर्थ चांगलाच फुगला. मराठीत देवडी म्हणजे उंबरा नव्हे, तर दरवाज्यातून आत शिरल्यावर दोन्ही अंगांना असलेला पहारेकऱ्यांचा ओटा, छताखालची बसायची-झोपायची जागा. हैदराबादेत तर ती आणखी फुगली आणि निजामाच्या सरदारांच्या अख्ख्या वाड्यांनाच देवडी म्हणू लागले. एका पट्टीपासून सुरू झालेला शब्द हवेलीपर्यंत पोचला.

रायगडाचा महादरवाजा चढून आत गेले की या देवड्या लागतात. त्याआधी मात्र दरवाजा शोधावाच लागतो. दोन अवाढव्य बुरूज, एक सुमारे ७५ फूट उंच आणि दुसरा ६५ फूट, एकमेकांना असे बगल देऊन उभे आहेत की खालून पाहणाऱ्याला नुसता तट दिसतो. वाट बुरुजांच्या कुशीत वळते आणि मगच कमान समोर येते. याला गोमुखी रचना म्हणतात. शत्रूला हत्तीने धडक द्यायला सरळ धाव मिळू नये, आणि तो वळत असताना वरून त्याच्यावर दगड-गोळे पडावेत, असा दुहेरी बेत. कमानीच्या दोन्ही बाजूंना दगडात कमळे कोरलेली आहेत. आत देवड्यांवर बसलेल्या शिपायाने सूर्यास्ताला दरवाजा लावला की सकाळपर्यंत उघडायचा नाही. हिरकणीची लोकप्रिय कथा याच नियमावर उभी आहे.

मोठा दरवाजा रोज उघडत नसत. माणसांच्या जा-येसाठी त्याच्याच झडपेत एक बुटके दार कापलेले असे, ते म्हणजे दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात ती उजव्या झडपेत आहे. त्या झडपांवर हत्तीचे गंडस्थळ येईल त्या उंचीला फूटभर लांबीचे अणकुचीदार खिळे ठोकले आहेत, एकेका झडपेवर ७२. हत्तीला हे खिळे आणि माणसाला दिंडी. दिंडीतून एका वेळी एकच जण जाऊ शकतो, तोही पाय उचलून आणि मान खाली घालून. आत शिरणारा कितीही शूर असो, त्या क्षणी त्याची मान पहारेकऱ्याच्या तलवारीखाली असते. पाहुण्याला नमस्कार करायला लावण्यासाठी दारे बुटकी केली, असे गाइड सांगतात. हिशेब त्याहून रोकडा होता.

शनिवारवाड्यालाच एक 'खिडकी दरवाजा' आहे. खिडकी असलेला दरवाजा म्हणून ते नाव, पण मुळात खिडकी हेही दारच होते. संस्कृतातली 'खडक्किका' म्हणजे मागचे किंवा बाजूचे चोरदार. तिचे दार हे काम सुटले आणि ती भिंतीत वर चढून वारा घेत बसली.

दिल्ली दरवाज्याची आणखी एक आठवण सांगितली जाते. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. वाड्याचे तोंड उत्तरेला, म्हणजे दिल्लीच्या दिशेला. पुढे तट आणि हा दरवाजा बांधायला घेतला तेव्हा शाहू महाराजांनी हरकत घेतली, कारण दिल्लीवर रोखलेले तोंड हा बादशहाचा अवमान ठरेल. काम पुरे झाले ते १७४९मध्ये शाहूंच्या निधनानंतर, असे परंपरा सांगते. दाराच्या नुसत्या दिशेवरून राजकारण होऊ शकत होते.

तोरणाची कथा उलट्या बाजूने जाते: तो शब्द आकाराने आटत गेला. संस्कृतात तोरण म्हणजे उभी दगडी कमान. सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार दिशांना चार तोरणे आहेत. दक्षिणेच्या तोरणावर, राजा सिरी सातकणीच्या कारागिरांचा मुकादम, वासिष्ठीपुत्र आनंद याचे हे दान आहे, असा लेख कोरलेला आहे. हा सातकणी म्हणजे सातवाहन राजा सातकर्णी, पैठणच्या घराण्यातला. त्याच तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे नक्षीकाम केले अशी नोंद आहे, आणि दगडावरची ती बारीक कलाकुसर पाहिली की हस्तिदंताची सवय असलेले हात ओळखू येतात. आता मराठी घरात तोरण म्हणजे दसऱ्याला बांधलेली आंब्याची पाने आणि झेंडूची माळ, तिसऱ्या दिवशी सुकणारी. तरी शब्दातला मान गेलेला नाही. पहिला गड घेतला त्याला 'स्वराज्याचे तोरण बांधले' असेच म्हणतात.

सगळी दारे मानाची नव्हती. गावाच्या तटाला असे ती वेस. तिच्यावर रात्रंदिवस पहारा करणारा तो वेसकर, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या महार समाजाकडे होते. ज्याने वेस राखायची त्याचेच घर वेशीबाहेर, ही गावगाड्याची व्यवस्था. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा याच समाजातले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या तटाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. ती तिथे आजही आहे, बाहेर. दलितांना विठ्ठल मंदिर खुले झाले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधल्या उपोषणानंतर. मध्ये सहा शतकांहून अधिक काळ गेला होता. वेशीवरचे वाक्प्रचार वापरताना हे आठवलेले बरे.

शहरांचे दरवाजे मात्र नावापुरते नेहमी दुसऱ्याचे असतात. दिल्लीच्या लाल किल्ल्याला लाहोरी दरवाजा आहे आणि लाहोरला दिल्ली दरवाजा. छत्रपती संभाजीनगरात एक दिल्ली दरवाजा, एक पैठण दरवाजा, आणि मक्केच्या दिशेचा तो मकाई दरवाजा. दरवाज्याने आपण कुठे आहोत ते सांगायचे नसते, वाट कुठे जाते ते सांगायचे असते. वाटसरूच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे होते. त्याच शहरातला भडकल दरवाजा अपवाद. तो मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला.

मुंबईच्या इंग्रजी कोटाला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. यातले चर्च म्हणजे १७१८ मध्ये सुरू झालेले सेंट थॉमस चर्च. त्याच्याकडे जाणारे दार ते चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत कोटाची भिंत पाडली, तिच्यासोबत दरवाजेही गेले, आणि चर्च गेटच्या जागेजवळ १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. त्या दरवाज्याच्या नावाचे रेल्वे स्थानक सुरू झाले १८७० मध्ये. म्हणजे चर्चगेटला पहिली गाडी लागली तेव्हा चर्च गेट पाडून काही वर्षे उलटून गेली होती.